सुजाता, जमनाबाईच्या पायाबद्दल

सुजाता,

आजवर मी जे काही लिहिलं ते कुणाच्या तरी विरोधात लिहिलं. वर जाड अक्षरात 'जाहीर निषेध', खाली मागण्या, शेवटी संघटनेचं नाव. तुझ्या जाण्याचं तसं काही लिहिता येईना. तुला ताप आला तेव्हा रुग्णवाहिका वेळेवर आली. खाट मिळाली. डॉक्टर जागेवर होते, औषधं साठ्यात होती, नागपूरला हलवलं तर तिथंही कुणी आडवं आलं नाही. ज्या ज्या गोष्टींसाठी मी यवतमाळच्या चौकात घसा फोडत आलो त्या सगळ्या तुझ्या वेळी हजर होत्या, आणि तरी तू गेलीस. मग निषेध कुणाचा करू? उरलीस तूच. तेव्हा हे तुझ्या विरोधात आहे असं समज.

पांढरकवड्याला तुमच्या घरासमोर मंडप टाकला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. भन्तेजींनी वंदना घेतली आणि मग लोक दोन शब्द बोलायला उठले. मुकुटबनच्या एका आजारी लेकराचा बाप म्हणाला, "सुजाताबाई आमच्या घरचीच होती." नागपूरच्या त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ती माझी मुलगीच होती." तुझ्याबरोबर औषधखिडकीवर बसणारी म्हणाली, "आमचं एक ताट होतं." तुझ्या भावानं मला खूण केली, तूही बोल. मी उठलो नाही. मागे जाऊन पाण्याच्या कॅनजवळ उभा राहिलो. लोकांना वाटलं, पोराला रडू आवरेना. रडू कसलं? मी जळत होतो. जो उठतो तो तुला आमची, आमची म्हणून राह्यला. मला वाटत होतं, माइक हिसकावून घ्यावा आणि सांगावं की ही बाई माझ्याशी भांडायची. तुमच्यापैकी कुणाशी भांडली का कधी?

तू सुट्टीच्या दिवशी नेमकं काय करत फिरायचीस हे तुझ्या अर्ध्या नातेवाइकांना त्या मंडपात कळलं. त्यांना वाटायचं, पोरगी एवढी फार्मसी शिकली, सरकारी दवाखान्यात लागली आणि रविवारी गावोगाव कशाला हिंडते? मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यांच्या माना हलल्या. काही आजार असे आहेत की त्यांच्यासाठी नवं औषध कुणी शोधतच नाही, कारण तो होणाऱ्यांच्या खिशात काही नसतं. मग एखादा डॉक्टर कपाटातलं जुनं औषध काढतो, दुसऱ्याच आजाराचं, आणि नीट विचार करून ते वापरून पाहतो. कुठं जमतं, कुठं नाही. जे झालं ते त्या डॉक्टरच्या डोक्यात राहतं आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जातं. तू अशा केसेस गोळा करायचीस. मॅडम त्या तपासून डॉक्टरांच्या सामायिक संग्रहात घालायच्या, म्हणजे दुसऱ्या कुठल्या गावातल्या डॉक्टरला पुन्हा अंधारात चाचपडावं लागू नये.

मला हे कळलं तेव्हा मी खूश झालो होतो. पत्रकाला असा विषय रोज मिळत नाही. स्वस्त औषध, गरीब माणूस, झोपलेलं सरकार! मी रातोरात छापून आणलं आणि तुझ्या खिडकीवर ठेवलं. मागे रांग उभी, आणि तू ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंस.

"यात सारेच बरे झाले?"

"हो मग."

"न झालेले कोठी गेले?"

"पत्रकात जागा किती असते, बाई?"

"मंग जागा वाढव. नाई त औषधाच्या कंपनीत नोकरी धर. तिथं असंच लिहितात, अन् पगारबी देतात."

रांगेतला म्हातारा हसला. तुझा पहिला राग मला तिथं आला. पुढच्या रविवारी मी तुझ्या मागोमाग मुकुटबनच्या गाडीत बसलो, केवळ तुला चूक ठरवायला.

मुकुटबनच्या त्या लेकराच्या गालावर लाल मांसाचा गोळा होता, डोळ्यापर्यंत चढत चाललेला. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून, ठोके तपासत, रक्तदाबाचं औषध सुरू केलं होतं. त्या औषधानं असे गोळे विरतात हे डॉक्टरांना माहीत झालं होतं. बापाला ते पटायचं होतं. "बीपीची गोळी? लेकराले बीपी हाय का?" तो तुझ्या अंगावर धावून आला. तू शांतपणे म्हणालीस, "लेकराले नाई, पण असे ओरडून राह्यले त तुम्हाले होईन. बसा." मी त्याला सरकारी धोरण समजावून सांगितलं असतं. तू त्याला बसवलंस. तेच ते, जे मला येत नाही.

तुझी रीत मी तेव्हा पाहिली. तू दुसऱ्यांदा जायचीस. आणि तिसऱ्यांदा. "बरा झालेला माणूस स्वतःहून फोन करते," तू म्हणायचीस. "न झालेला लाजते, जसं काई त्याचंच चुकलं. त्याच्याकडं मलेच जा लागते." आणि गेल्यावर 'कसं वाटतं' असं तू चुकूनही विचारायची नाहीस. कारण त्याचं उत्तर आपल्याकडे एकच आहे: "फरक हाये." एवढ्या उन्हात कुणी घरापर्यंत आलं, आपला चहा प्यायलं, त्याला 'काही फरक नाही' सांगून कसं परत धाडायचं? पाहुण्याचं तोंड पाडायचं नसतं. डॉक्टर त्या 'फरक हाये'वर खूश होऊन पुढचा रुग्ण घेतात. मी तर त्यावर पत्रकं काढली. तू मात्र विचारायचीस, लेकरू कोणत्या कुशीवर झोपते? पाणी कोण आणते? बाजाराले कोण जाते? आणि खरं हळूहळू बाहेर यायचं.

मला कुणी असं सांगायचं नाही. मला पाहिलं की लोक ताठ बसतात आणि अन्याय सांगतात. मी अन्याय न्यायला आलोय हे त्यांना माझ्या चपलेवरून कळतं. तुझ्यासमोर ते कमरेतून सैल व्हायचे. मी दारात उभा राहून ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, हिच्यात असं काय आहे बापा? आवाज माझा मोठा. अभ्यास मीही केलाय. मोर्चात लाठी मी खाल्लीय.

मॅडमशी तू फोनवर तासन्‌तास बोलायचीस. कुठला जंतू, कुठली मात्रा, कुणाचं लिव्हर. मी समोर बसून शेंगदाणे खायचो. फोन ठेवल्यावर म्हटलं, माझ्याशी एवढं कधी बोलतेस? तर म्हणालीस, "तुह्याशी बोललं का डोकं दुखते." आणि लगेच, "पण दुखल्याशिवाय चालत नाई मले." हे दुसरं वाक्य मी जपून ठेवलंय. मंडपात कुणाकडेच असं वाक्य नव्हतं.

आता जमनाबाई.

पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाच्या अंगाला तिचा तांडा. पायात कधीतरी काटा मोडला आणि तिथून पाय सुजत गेला. सुजेला तोंडं फुटली आणि पुवाबरोबर बारीक दाणे यायला लागले. कुणी मलम दिलं, कुणी अंगारा. एका डॉक्टरनं पाय कापायला सांगितलं. तू तिला मॅडमकडे नेलंस. पायातल्या मांसाचा तुकडा तपासून मॅडमनी जंतू कोणता ते शोधलं आणि दोन जुनी औषधं जोडून दिली. एक नेहमीचं अँटिबायोटिक, आणि एक कुष्ठरोगाची गोळी. ती गोळी काहींचं रक्त मोडते म्हणून आधी रक्त तपासलं. सगळं नीट झालं. सूज उतरायला लागली, एक तोंड मिटलं. तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद मी मॅडमच्या शाबासकीनंतरही पाहिला नव्हता. जमनाबाई तुला छोरी म्हणायची. तू तिला याडी म्हणायचीस, तिच्या बोलीतला आईचा शब्द. माझ्या ओळखीत कितीतरी तांडे आहेत, पण कुणाला याडी म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आपलं सगळ्यात मोठं भांडण तिच्यावरून झालं. हायवेवरच्या टपरीवर, ट्रकवाल्यांच्या गर्दीत. जमनाबाईला फक्त 'जुनी, भरवशाची गोळी' एवढंच सांगितलंय हे मला तेव्हा कळलं.

"ही कुष्ठरोगाची गोळी आहे हे तिला सांग," मी म्हणालो.

"सांगीन ना."

"कधी?"

"पायाले पुरा उतार पडू दे. तवा सांगतलं त ते हसन. आता सांगतलं त गोळी फेकून देईन."

"आणि आधीच दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

"तूच सांगशीन. दुसऱ्या कोणाले एवढी घाई हाय?"

"लपवल्यानं लाज वाढते, सुजाता. शब्द मोठ्यानं बोलला की मरतो."

"तुह्या पत्रकात मरते. तांड्यात नाई मरत. तिच्या नातीची सोयरीक चालू हाय, मालूम हाय तुले?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. तू माझाही प्यायलीस, आणि पाठीमागून म्हणालीस, "पत्रकराव, तुले जिंकाचं हाय. मले पाय वाचवाचा हाय."

एवढं सुटसुटीत वाक्य मला आजवर एकाही पत्रकात जमलं नाही. तेही तुलाच सुचावं? मी तुझ्याशी पुढे कितीतरी दिवस धड बोललो नाही, ते वाक्याच्या रागानं. त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. मग ताप आला.

मंडप उतरल्यावर मॅडमचा फोन आला. तू शेवटी सांगितलेलं त्यांच्याकडे होतं: जमनाबाईचा पाय बराच उतरला, कापूस वेचायला जाते. ही केस संग्रहात 'बरी' म्हणून जाणार होती, पण त्याआधी एकदा दुसऱ्या कुणीतरी पाय डोळ्यांनी पाहून यायला हवा, असा तुझाच नियम. "तू जाशील का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगू? कर्तव्य वगैरे काही नव्हतं. सगळ्यांनी तुझं काही ना काही नेलं होतं. मला तुझं एक काम तरी हवं होतं.

जमनाबाई बाजेवर बसली होती, पाय घागऱ्याखाली. तू गेल्याचं तिला कळलं होतं. मला पाहून रडली नाही, भावाला मारतात तशी हाक मारून म्हणाली, "ये भिया. आता तूच येशीन का?" सून चहा ठेवायला आत गेली. मी मातीत बसलो, तुझ्यासारखा, आणि विचारलं, "वेचायला जाता का हल्ली?"

ती हसलीच. "असं विचाराची तिची रीत होती. तुह्या तोंडात शोभत नाई. तू सरळ विचार."

"पाय कसा आहे?"

तिनं घागरा बाजूला केला. पाय घोट्यापर्यंत सुजलेला होता. मिटलेलं तोंड उघडलं होतं, शेजारी नवीन होतं.

"कधीपासून?"

"गोळी सोडली तवापासून."

"काहून सोडली?"

"शेजारच्या बुढीनं गोळ्याची पट्टी पाह्यली. तिचा घरवाला तेच गोळी खाये. त्याले महारोग झाला होता. मंग काय, साऱ्या तांड्यात झालं. सुनेनं ताट वेगळं केलं. नातीची सोयरीक अडली."

"सुजातानं तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"नाई."

"राग आला तिचा?"

"आला ना! लय आला. मंग वाटलं, मले भेव वाटू नाई म्हून छोरीनं नाई सांगतलं. मंग मीबी नाई सांगतलं. ते आली, म्हणे, याडी, वेचाले जातेस ना? म्या म्हटलं, जातो ना, रोज जातो! कोठची जातो? पाय झाकून बसली होती मी. पण एवढी खुश झाली ते, भिया. गाडीवर बसून बी मांगं पाहून हासे. तिचं तोंड पाडाचं जीवावर आलं."

"आणि मला काहून सांगितलं मग?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी फारच येडपट प्रश्न विचारला. "तुले काय होते? तू काई रडणार हायस का? तू त जाऊन कोणाशी भांडशीन."

सुजाता, मी बरोबर होतो. तू सांगायला हवं होतंस. तू सांगितलं नाहीस म्हणून तो शब्द बुढीच्या तोंडून आला, आणि यायचा तसाच आला. एवढं मोठं भांडण मी जिंकलो. जिंकल्यावर माझा हात खिशातल्या फोनकडे गेला, तुला सांगायला.

तिथं मातीत बसून मला जे वाटलं त्याला दुःख म्हणायची माझी तयारी नाही. तू, जिला सगळे खरं सांगायचे म्हणून मी इतकी वर्षं जळत होतो, तिच्याशी ही बाई खोटं बोलली होती. आणि मी त्या खोट्यावरही जळत होतो. तू भीती वाटू नये म्हणून गप्प राहिलीस, ती तुझं तोंड पडू नये म्हणून पाय झाकून बसली. दोघींनी मिळून एका पायाचं वाटोळं केलंत, किती मायेनं! माझ्या वाट्याला खरं आलं. का, तर मी दुखावलो तरी जमनाबाईला चालणार होतं.

मग मी मला जे येतं ते केलं. सुनेला बाहेर बोलावलं, बुढीला बोलावलं, आणि सभेत बोलतो तसा बोललो. एक गोळी अनेक जंतूंना मारते. जमनाबाईला कुष्ठरोग नाही. ज्याला असतो तोही औषधानं बरा होतो आणि त्याचंही ताट वेगळं करायचं कारण नाही. कुत्री भुंकायला लागली. जमनाबाई बाजेवरून बुढीला म्हणाली, "पाह्य, म्हटलं नोतं? भांडते म्हून." सुनेनं मात्र पदर नीट केला आणि विचारलं, "हे जर असं हाय, त तवाच काहून नाई सांगतलं ताईनं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. हायवेच्या टपरीपासून तयार होतं, मुद्देसूद, तुझ्या विरोधात. मी म्हणालो, "सांगणार होती. मलाच सांगून ठेवलं होतं तिनं, तुम्हाला समजावून सांग म्हणून. माझंच यायचं राहिलं."

जमनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला पटलं नाही, पण तिनं मोडलंही नाही.

मॅडमना मी त्याच संध्याकाळी सगळं कळवलं. जमनाबाईची केस आता 'बरी' म्हणून जाणार नाही. गोळीनं उतार पडला, गोळी मध्येच सुटली, पाय पुन्हा बिघडला. सुटण्याचं कारणही लिहायला लावलं मी: गोळी मुळात कोणत्या आजाराची, हे रुग्णाला सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सुजातानंही हेच लिहिलं असतं." हो. लिहिलं असतं. स्वतःच्या विरोधात असं पत्रक काढायची ताकद तुझ्यात होती, आणि त्याचा मला जेवढा हेवा वाटतो तेवढा तुझ्या कशाचाच नाही. वर या सगळ्यात मला हेही शिकवून गेलीस की न झालेलं मोजायचं असतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिलेत. भांडणात ते कुठं बसवायचे हे कळलं नाही.

पाय वाचेल का, मॅडम सांगत नाहीत. रक्त पुन्हा तपासतील, जमलं तर त्याच गोळ्या पुन्हा सुरू करतील, नाही तर कापायचा विचार करावा लागेल. जमनाबाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "चाल मंग. पण मले एकटी पाठवू नको, तू ये." तांड्यावरच्या सोयरिकीचं काय झालं ते मी विचारलं नाही. सुनेनं येताना डब्यात भाकरी बांधून दिली. कुणाच्या ताटातली, तेही विचारलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही निघतोय. पांढरकवड्याहून नागपूरपर्यंत चांगला लांब रस्ता आहे. जमनाबाई खिडकीजवळ बसणार, सुजलेला पाय माझ्या पिशवीवर टेकवणार, आणि सगळा रस्ता तुझ्याबद्दल बोलणार. छोरी असं म्हणे, छोरी तसं करे. आणि मला ते सगळं ऐकून घ्यावं लागणार.